जुन्या डिझेल गाडीचा 'उतारा' का घटतो?



उसाचे बिल हाती आले की गावोगावी सेकंडहँड मोटारींची चौकशी सुरू होते. त्यातही डिझेल गाडीकडे आपला ओढा अधिक, कारण ट्रॅक्टरमुळे डिझेल इंजिनाशी आपली ओळख जुनी आहे. गाडी दारात येते, चार महिने जातात आणि मग तक्रार ऐकू येते, "देणारा वीस सांगत होता, ही तर चौदाच देते. नुसती पिते!" पुढची पायरी ठरलेली असते. कोणीतरी 'इंजेक्टर गेले' म्हणून सांगतो, गाडी गॅरेजला लागते, पंप-इंजेक्टरचे काम निघते, बिल पाच आकड्यांत जाते आणि ॲव्हरेज मात्र होते तेथेच राहते.

कारखान्यात साखर उतारा कमी पडला तर आपण एकट्या मिलला दोष देत नाही. ऊस पक्व होता का, तोडल्यावर किती वेळ पडून राहिला, पाचट-माती किती आली, बगॅस आणि मळीत साखर किती गेली, हे सगळे पाहिले जाते. गाडीलाही हीच रीत लावावी, असे आमचे सांगणे आहे. तपास फुकटच्या गोष्टींपासून सुरू करावा, आणि इंजेक्टरवर सर्वांत शेवटी यावे.

प्रश्न किती पैशांचा आहे तेही पाहू. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणारी गाडी लिटरला २० देत असेल तर ७५० लिटर डिझेल लागते. तीच १४ देऊ लागली तर सुमारे १,०७१ लिटर लागते. फरक ३२१ लिटरांचा. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला जवळजवळ २९,००० रुपये जादा गेले.

आधी काटा, मग निदान

उसाची गाडी काट्यावर चढल्याशिवाय आपण टन सांगत नाही. पण डिझेलच्या बाबतीत 'हजाराचे टाकले, दोन दिवस पुरले' असा हिशेब चालतो. तो काही हिशेब नव्हे. टाकी भरायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तेथे थांबायचे, मीटर लिहून घ्यायचे. चारपाचशे किलोमीटर फिरल्यावर त्याच पंपावर, त्याच नोझलवर, गाडी तशीच सपाटीवर उभी करून पुन्हा पहिल्या 'कट'पर्यंत भरायचे. समजा ४८६ किलोमीटर झाले आणि ३१.४ लिटर बसले, तर ॲव्हरेज १५.५ पडले. असे लागोपाठ तीनदा करावे. पाच-सहा लिटर टाकून काढलेला आकडा धरू नये. भरण्यात अर्ध्या लिटरचा फरक पडला, तर पाच लिटरांत तो १० टक्के होतो, पस्तीस लिटरांत दीड टक्काही होत नाही. डॅशबोर्डवर दिसणारे ॲव्हरेज हा संगणकाचा अंदाज असतो. तो काट्याच्या जागी धरू नये.

पंपाविषयी शंका असेल तर ५ लिटरच्या शिक्क्याच्या मापाने डिझेल मोजून दाखवा, असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. हे माप पंपावर ठेवावेच लागते. संकोच करू नये.

किलोमीटरही तपासावे लागतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बोलेरोला मूळचे २१५/७५ आर १५ मापाचे टायर असतील आणि आधीच्या मालकाने हौसेने २३५/७५ चे बसवले असतील, तर चाकाचा घेर सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. चाक फेऱ्या कमी घेते, मीटर किलोमीटर कमी दाखवते आणि गाडी कमी देते असे वाटते. हमरस्त्यावर किलोमीटरच्या दगडांवरून किंवा मोबाइलच्या नकाशावरून वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर मीटरशी ताडून पाहावे.

आता अपेक्षा किती ठेवावी? मारुतीच्या २०१७ च्या डिझायर डिझेलचा प्रमाणित आकडा लिटरला २८.४ किलोमीटर होता. असे आकडे प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगाच्या चक्रात आणि एसी बंद ठेवून काढलेले असतात. त्या गाडीतले १.३ लिटरचे, मूळ फियाटच्या रचनेचे इंजिन चांगले टिकाऊ आहे. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो यांतही तेच होते. मारुतीने २०२० च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे बाजारातली अशी प्रत्येक डिझायर आता पाच वर्षांवरची आहे. तिने आपल्या रस्त्यांवर २० ते २२ दिले तर आमच्या मते ती निरोगी समजावी. २८ च्या मागे लागून इंजिन उघडू नये.

चालवण्यात काय जाते

देणारा रोज पुण्याला जात असेल आणि आपण वस्तीवरून गावात, गावातून कारखान्यावर असे चार-चार किलोमीटर फिरत असू, तर तीच गाडी निराळे ॲव्हरेज देणार. इंजिन गरम होण्याआधीच बंद होते, आणि थंड इंजिन जादा डिझेल खाते. हंगामात ट्रॉल्यांच्या रांगेमागे गाडी चालू ठेवून बसण्याची सवयही महाग पडते. लहान डिझेल इंजिन नुसते उभे राहूनही तासाला साधारण अर्धा लिटर जाळते. रोज तासभर म्हणजे महिन्याला पंधरा लिटर. हमरस्त्यावर वेगाचा हिशेब वेगळा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलो की तो दीडपटीहून अधिक होतो, आणि टपावर कॅरिअर असेल तर त्यात आणखी भर पडते.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे पुष्कळ आहेत. नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात हे उलटे आहे. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की संगणक इंजेक्टर बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळत राहते, शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच.

चाके मोकळी फिरतात का?

येथे सर्वांत जास्त सापडते आणि येथेच सर्वांत कमी पाहिले जाते. टायरची हवा सकाळी, गाडी फिरवण्याआधी तपासावी. किती हवी ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. टायर एका बाजूने घासत असतील तर अलाइनमेंट करून घ्यावी.

त्यानंतर ब्रेक. चिखलातून, पाटाच्या पाण्यातून फिरणाऱ्या गाडीच्या कॅलिपरच्या पिना गंजतात, हँडब्रेकची तार आवळून बसते आणि ब्रेक थोडा लागलेलाच राहतो. चालकाला ते कळत नाही, कारण जोर इंजिन लावत असते. दहा-बारा किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता जावे, उतरून चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब पाहावी. थेट डिस्कला वा ड्रमला हात लावू नये, पोळेल. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर चोर सापडला. मग ते जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. बेअरिंग वाजत असेल तर तेही तेव्हाच कळते.

दुसरी परीक्षा मोकळ्या सपाट रस्त्याची. ताशी ५० च्या वेगाला गाडी न्यूट्रल करून २० वर येईपर्यंत किती अंतर जाते ते मोजावे, आणि वारा व चढ यांचा फरक निघून जावा म्हणून दोन्ही दिशांनी मोजावे. शेजाऱ्याची तशीच गाडी असेल तर तिच्याशी तुलना करावी. मात्र इंजिन बंद करून हा प्रयोग करू नये. ब्रेकची मदत आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबून पाहावा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तेथेच राहिला तर क्लच सरकतो आहे.

हवा आणि धूर

डिझेल इंजिनाला डिझेलपेक्षा हवा कितीतरी पट लागते. आपल्या फुफाट्याच्या रस्त्यांवर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच भरतो. तो झटकून पुन्हा पुन्हा वापरण्यापेक्षा बदललेला बरा. टर्बोच्या गाडीत टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत रबरी नळ्या असतात. जुन्या गाडीत त्या चिरतात, क्लिपा सैल होतात, दाबलेली हवा बाहेर जाते. ओढताना फुस्स आवाज, जोर कमी आणि मागे काळा धूर अशी त्याची लक्षणे. नळीच्या सांध्याला तेलाचा ओला डाग हीही खूण आहे. काम शेकड्यांतले, पण न पाहता थेट टर्बो बदलायला सांगणारेही भेटतात.

धुराचा रंग ओळखायला शिकावे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम इंजिनातही पांढरा धूर राहिला तर डिझेल न जळता जाते आहे किंवा पाणी शिरले आहे. थंडीच्या सकाळी पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर मनावर घेऊ नये. काळ्या धुराला आणखी एक कारण असते. जळलेला धूर थोडा परत आत घेणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकतो. बहुतेक वेळा तो साफ करून भागते.

थर्मोस्टॅटबद्दल मुद्दाम लिहितो. गाडी तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, अशी काही मिस्त्रींची जुनी खोड आहे. जुन्या जीपला ते खपून गेले. संगणकाच्या गाडीत मात्र पाणी पुरेसे तापत नाही, संगणक इंजिन थंडच आहे असे समजतो आणि त्याप्रमाणे डिझेल देत राहतो. स्टिअरिंगखालच्या जोडणीला स्कॅनर लावून वीस मिनिटे हमरस्त्यावर गेल्यावर पाण्याचे तापमान पाहावे. ८०-९० अंशांच्या आसपास हवे. साठावरच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट काढलेला तरी आहे नाहीतर उघडा अडकलेला तरी.

ऑइलचेही तसेच. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या मोटारीत ट्रॅक्टरचे उरलेले जाड ऑइल ओतू नये.

बीएस-६ गाडी घेतली असेल तर

२०२० नंतरच्या पुष्कळ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की इंजिन स्वतःच जादा डिझेल देऊन तिच्यातली काजळी जाळते. लांबच्या प्रवासात हे काम पुरे होते, कळतही नाही. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, आणि ॲव्हरेज उतरते. शिवाय न जळलेले डिझेल खाली ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी काडीवर कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर ताबडतोब दाखवावे. अशी गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास हमरस्त्यावर चालवावी. सगळा प्रवास गावातल्या गावात असेल, तर ही गाडी आपल्याला सोयीची नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता इंजेक्टर

इतके सगळे पाहूनही ॲव्हरेज आले नाही तर मग डिझेलच्या वाटेकडे वळावे. प्रथम डिझेल फिल्टर, आणि त्यातले पाणी. घरी बॅरलमध्ये साठवलेले डिझेल मोटारीत घालणाऱ्यांच्या फिल्टरमध्ये पाणी हमखास निघते. ट्रॅक्टरचे जुने पंप ते सोसतात, कॉमन रेलचे इंजेक्टर सोसत नाहीत.

या इंजिनांच्या पाइपांत १,४०० ते १,६०० बारपर्यंत दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, यावरून कल्पना यावी. म्हणून चालू इंजिनाचा पाइप सैल करणे, गळती हाताने चाचपणे हे कधीही करू नये. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते, आणि अशी जखम वरून लहान दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

इंजेक्टर काढण्याआधी मेकॅनिककडून परतीच्या डिझेलची चाचणी करून घ्यावी. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटे चालवतात. तीन बाटल्यांत सारखे आणि चौथीत दुप्पट आले, तर बिघाड त्या एका इंजेक्टरचा. मग चारही बदलण्याचे कारण उरत नाही. तो काढून बेंचवर तपासावा, कागदावर अहवाल घ्यावा. अनेक गाड्यांत नव्या इंजेक्टरवरचा संकेतांक स्कॅनरने संगणकात भरावा लागतो. तो भरला की नाही हे विचारावे, कारण ही पायरी गाळली की नवा इंजेक्टरही जुन्यासारखाच वागतो. काढलेला जुना भाग घरी मागून घ्यावा. आणि एका वेळी एकच दुरुस्ती करून मग दोन टाक्यांचा हिशेब वहीत लिहावा, म्हणजे कोणत्या कामाने किती फरक पडला ते गॅरेजवाल्याला न विचारता आपल्यालाच सांगता येईल.