गाणे कोणाचे?
(संगीताच्या न्याय्य देवघेवीविषयी थोडा विचार)

गायनाची मुळीच आवड नाही असा मनुष्य आमच्या गावात शोधूनही सापडावयाचा नाही. पहाटे काकड्यास बसणारे वृद्ध, रविवारच्या उपासनेत पेटीच्या सुरात सूर मिळविणारी मंडळी आणि स्नेहसंमेलनासाठी महिनाभर आधीपासून नाच बसविणारे विद्यार्थी, ही सर्व एकाच आवडीची निरनिराळी रूपे होत. पूर्वी ही आवड भागविणे खर्चाचे काम होते. १९०२ साली कोलकात्यास गौहरजान यांच्या गायनाचे मुद्रण झाले व आपल्या देशात तबकडीचे युग सुरू झाले. परंतु तबकडी वाजविण्याचे यंत्र बाळगणे बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचे होते. आज जालना व छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेल्या आमच्या बदनापुरातही घरोघरी भ्रमणध्वनी आहे, आणि त्यात साऱ्या जगाचे संगीत येऊन बसले आहे.

ही मोठीच सोय झाली. परंतु तिच्याबरोबर एक प्रश्नही आला. काही वर्षांपूर्वी बाजारातील दुकानात थोडे पैसे टाकले की शेकडो गाणी मेमरी कार्डात भरून मिळत. आता तीच गाणी टेलिग्रामवरून किंवा व्हॉट्सॲपवरून एका हातातून दुसऱ्या हातात जातात. देणाऱ्यास वाटते, आपण मित्राचे काम केले. घेणाऱ्यास वाटते, फुकट मिळाले. परंतु ज्याने गाणे लिहिले, ज्याने चाल बांधली आणि ज्याने गायले, त्यांचे या व्यवहारात काय झाले, हा विचार कोणाच्याही मनाला शिवत नाही. मजुराची मजुरी अडवून ठेवू नये असे आपणांस लहानपणापासून शिकविले जाते. शेतातील मजुरास लागू असलेला हा नियम शब्दांच्या व सुरांच्या मजुरास लागू नसावा काय?

तेव्हा कोणते गाणे सर्वांचे आहे, कोणते अद्यापि कोणाच्या मालकीचे आहे, आणि थोडक्या खर्चात न्यायाने संगीत कसे मिळवावे व वाटावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

गाण्याचे धनी

आपल्या देशात याविषयीचा मुख्य कायदा १९५७ सालचा आहे. त्यात जो हक्क सांगितला आहे त्यास मराठीत स्वामित्वहक्क व व्यवहारात कॉपीराइट म्हणतात. एका गाण्यात असे हक्क निदान तीन असतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी प्रथम ध्यानात धरावी. शब्दांचा हक्क कवीचा. चालीचा हक्क संगीतकाराचा. आणि मुद्रित ध्वनीचा हक्क ज्याने मुद्रण करविले त्याचा, म्हणजे बहुधा कंपनीचा. १९९४ च्या दुरुस्तीने यात गायक-वादकांच्या स्वतंत्र हक्काचीही भर पडली आहे.

हे हक्क अनंतकाळचे नसतात. कवी व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत, आणि मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. मुद्रित ध्वनीचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. मुदत संपली की ते धन सर्व समाजाचे होते. मग ते कोणीही गावे, छापावे, वाटावे. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार, म्हणून त्या सुमारास कायद्यात बदल करून ती ६० वर्षांची करण्यात आली.

तीन उदाहरणे

केवळ नियम पाठ करून विषय समजत नाही. म्हणून तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण ‘संगीत स्वयंवर’ नाटकाचे. हे नाटक १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणिले. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे; ते १९४८ साली वारले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २००८ च्या अखेरीस संपला. चाली भास्करबुवा बखले यांच्या. ते १९२२ सालीच निवर्तले. बालगंधर्वांच्या आवाजातील या पदांच्या जुन्या तबकड्यांनाही ६० वर्षांहून कितीतरी अधिक काळ लोटला आहे. म्हणजे तिन्ही कुलुपे उघडली. त्या जुन्या तबकडीवरून उतरविलेले पद आपण निःशंकपणे ऐकावे, मित्रास द्यावे, स्वतः गाऊन साऱ्या जगास ऐकवावे.

दुसरे उदाहरण भा. रा. तांबे यांच्या कवितांचे. तांबेही रवींद्रनाथांप्रमाणे १९४१ सालीच वारले. त्यामुळे २००२ च्या आरंभापासून त्यांच्या कविता सर्वांच्या झाल्या. परंतु त्यांपैकी काही कवितांना वसंत प्रभू व हृदयनाथ मंगेशकर यांनी पुढे ज्या चाली दिल्या आणि ज्या लता मंगेशकर यांच्या कंठातून घरोघरी पोचल्या, त्या चालींवरील हक्क अद्यापि चालू आहे. येथे एक कुलूप उघडे व दुसरे बंद. तांब्यांची कविता वार्षिकात छापण्यास किंवा तिला स्वतःची नवी चाल लावून ती प्रसिद्ध करण्यास कोणाची परवानगी नको. प्रसिद्ध चालीवर गाऊन ती सर्वत्र पसरवावयाची तर हवी.

तिसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ सालचा. त्यातील एक सुप्रसिद्ध अभंग तुकोबांचाच आहे असे पुष्कळ लोक समजतात. वस्तुतः तो त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचिला. आठवले १९७५ साली वारले. म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३५ च्या अखेरपर्यंत आहे. बोलपट जुना, ध्वनिमुद्रण जुने, नाव संतांचे. तरी शब्द मात्र अजून मोकळे नाहीत. यावरून गाणे जुने वाटते एवढ्यावर विसंबू नये. कोणी रचिले व तो कोणत्या साली वारला, हे आधी पाहावे.

खुद्द संतवाणीविषयी मात्र शंकेस जागा नाही. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग, पैठणच्या नाथांची भारुडे, आपल्याच जालना जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थांची करुणाष्टके, ही आपणां सर्वांची वडिलोपार्जित ठेव होय. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली प्रभूकडे गेले. तेव्हा उपासना-संगीतातील त्यांची गीतेही त्याच ठेवीत जमा झाली आहेत. साने गुरुजी १९५० साली वारले. त्यांची जी प्रार्थना अनेक शाळांतून म्हटली जाते, तिचे शब्द २०११ च्या आरंभापासून मोकळे आहेत. परंतु हीच गीते एखाद्या गायकाने अलीकडे गाऊन मुद्रित केली असतील, तर ते मुद्रण त्याचे व त्याच्या कंपनीचे आहे, हे विसरू नये.

शाळेत गाणे

येथे कोणी विचारील, मग स्नेहसंमेलनात नवीन चित्रपटातील गाण्यावर नाच करणेही गुन्हा ठरावयाचा काय? तसे नाही. कायदा करणारांनी शाळांचा विचार आधीच केला आहे. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी गाणे म्हटले किंवा मुद्रित गाणे वाजविले, आणि ऐकणारे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व शाळेशी संबंधित मंडळी एवढेच असले, तर त्यात कोणाच्याही हक्कास बाध येत नाही. खऱ्या धर्मविधीच्या प्रसंगी गाइलेल्या गीतांस व लग्नाच्या वरातीसही कायद्याने अशीच मोकळीक दिली आहे. तेव्हा मुलांनी निर्भयपणे गावे.

अडचण उद्भवते ती दुसऱ्या दिवशी. कोणी हौशी पालक नाचाचे चलच्चित्र घेतो व ते यूट्यूबवर चढवितो. आता ऐकणारे शाळेपुरते राहिले नाहीत. सारे जग श्रोते झाले, आणि शाळेस दिलेली सवलत तेथे पुरत नाही. यूट्यूबवरील यंत्रणा त्यातील गाणे आपोआप ओळखते. मग गाण्याच्या मालकाची जशी इच्छा असेल त्याप्रमाणे ते चित्र बंद होते, अगर त्यावरील जाहिरातीचे उत्पन्न मालकाकडे जाते. मुलांनी महिनाभर घेतलेले श्रम असे वाया जाऊ नयेत असे वाटत असेल, तर निदान दोन-चार कार्यक्रम तरी पारंपरिक गीतांवर बसवावेत आणि वाद्ये शाळेतील मुलांनीच वाजवावीत. वासुदेव, भारूड, पोवाडा, जात्यावरच्या ओव्या यांचा आपणांकडे तोटा नाही. असे केलेले मुद्रण आपल्याच मालकीचे राहील व ते जगभर दाखविता येईल.

ऐकावे कोठे?

पालकांच्या मनात स्वाभाविकच खर्चाचा प्रश्न येईल. आमच्या मते न्यायाने संगीत ऐकण्यास फार द्रव्य लागत नाही.

पहिले स्थान आकाशवाणीचे. तिची अनेक केंद्रे आता ‘न्यूज ऑन एआयआर’ या ॲपवर विनामूल्य ऐकता येतात. शास्त्रीय गायन, नाट्यपदे, लोकसंगीत व सुगम संगीत यांची निवड जाणत्या मंडळींनी केलेली असते. विद्यार्थ्यांचा कान तयार होण्यास याहून चांगली शाळा नाही. दुसरे स्थान यूट्यूबवरील कंपन्यांची व कलावंतांची स्वतःची दालने. तेथे जाहिरात सोसावी लागते, परंतु त्या जाहिरातीच्या उत्पन्नातून मालकास वाटा मिळतो. तिसरे स्थान स्पॉटिफाय, जिओसावन यांसारख्या सेवा. स्पॉटिफाय आपल्या देशात २०१९ साली आली. जाहिराती ऐकण्याची तयारी असल्यास ती फुकटही ऐकता येते. वर्गणी भरावयाचीच असेल तर एकाच घरातील मंडळींसाठी कौटुंबिक वर्गणी असते. ती माणशी स्वस्त पडते.

चौथे स्थान जुन्या संगीताच्या शोधकांसाठी. इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६ साली अमेरिकेत निघालेली संस्था जुनी पुस्तके, चित्रपट व तबकड्या जतन करून सर्वांस खुल्या करते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या तबकडी-संग्राहकांच्या मंडळाने आपल्याकडील जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या अभ्यासाचे मोठे कार्य केले आहे. मात्र अशा भांडारात ठेवलेली प्रत्येक वस्तू मोकळीच असेल असे गृहीत धरू नये. वरील तीन कुलुपांची कसोटी तेथेही लावावी.

याखेरीज आणखी एक प्रकार आहे. काही कलावंत आपली कृती आपण होऊनच लोकांस वापरू देतात. त्यासाठी २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने ठराविक परवाने तयार केले आहेत. कोणी म्हणतो, माझे नाव द्या व खुशाल वापरा. कोणी म्हणतो, वापरा, परंतु विकू नका. ती अट वाचून पाळावी, एवढेच आपले काम.

खर्चाचा थोडा हिशेबही मुलांनी करून पाहावा. सेकंदास १२८ किलोबिट या प्रतीचे पाच मिनिटांचे गाणे सुमारे ४.८ मेगाबाइट भरते. म्हणजे एका गिगाबाइटात अशी दोनशेंहून अधिक गाणी मावतात. तेच गाणे चित्रासह पाहिल्यास याच्या कित्येक पट डेटा खर्च होतो. केवळ ऐकावयाचे असेल तर चित्र कशास हवे?

द्यावे कसे?

आवडलेले गाणे मित्रास ऐकवावे ही इच्छा चांगलीच आहे. तिला आळा घालावा असे आम्ही म्हणत नाही. तिची वाट मात्र सरळ असावी. गाण्याची फाईल पाठविण्याऐवजी त्याचा दुवा पाठवावा. मित्र त्या दुव्यावरून मूळ ठिकाणी जाऊन ऐकेल. त्याला गाणे मिळेल, गाणाराला त्याचा वाटा मिळेल. दुव्यासोबत कवीचे, संगीतकाराचे व गायकाचे नाव लिहावे. आपल्याकडे गायकाचे नाव सर्वांच्या तोंडी असते आणि कवीचे कोणास ठाऊकही नसते. ही चाल मोडावयाची तर विद्यार्थ्यांनीच मोडावी. नव्या चित्रपटाची सर्व गाणी एका गठ्ठ्यात फुकट देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांपासून मात्र दूर राहावे. अशा ठिकाणी गाण्यासोबत भ्रमणध्वनी बिघडविणारी किंवा बँकेची माहिती चोरणारी वस्तूही घरात येण्याचा संभव असतो.

कायद्यात हेतुपुरस्सर केलेल्या हक्कभंगास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु शिक्षेच्या भयाने मुलांनी सन्मार्गाने चालावे, हे आम्हांस फारसे भूषणावह वाटत नाही. यापेक्षा त्यांनी २०१२ सालची एक गोष्ट लक्षात ठेवावी. पूर्वी गीतकार व संगीतकार एकदा ठरलेली रक्कम घेऊन सर्व हक्क कंपनीस लिहून देत, आणि पुढे गाणे वर्षानुवर्षे वाजले तरी त्यांस काही मिळत नसे. त्या साली कवी जावेद अख्तर यांच्या पुढाकाराने संसदेत कायद्याची दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो उपयोग होईल त्याच्या मानधनात गीतकार व संगीतकार यांस समान वाटा मिळावा, आणि तो हक्क त्यांनी कोणास लिहून देऊ नये, असे ठरले. म्हणजे आपण न्याय्य मार्गाने एखादे गाणे ऐकतो तेव्हा त्यातील अल्पसा अंश ज्याने ते लिहिले त्याच्या घरी जाऊ शकतो. फाईल पाठविली तर तो जात नाही.

शेवटी विद्यार्थ्यांस एक गोष्ट सांगावयाची आहे. स्वामित्वहक्क केवळ मुंबईच्या मोठ्या कलावंतांसाठी आहे असे समजू नये. आपल्या शाळेतील एखाद्या मुलीने वर्गात बसून चार ओळींचे गीत रचिले, तर ते कागदावर उतरताच तिचा त्यावर हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीही लागत नाही. तिचे गीत तिचे नाव पुसून कोणी सर्वत्र पाठविले तर तिला जे दुःख होईल, तेच दुसऱ्या कवीलाही होते. पुढील संमेलनाची गाणी निवडताना प्रत्येक गाण्यापुढे कवी, संगीतकार व साल लिहिण्याचा प्रघात वर्गप्रमुखांनी पाडावा, आणि त्यात निदान एक गीत आपल्याच विद्यार्थ्याने रचिलेले असावे, अशी आमची सूचना आहे.