सुवाह्य जनित्रातील इंजिन ऑईल : तपासणी, बदल आणि नोंद

प्रस्तावना

दूधकाढणी यंत्र, बायोफ्लॉक टाकीतील हवेचा पंप, पिलांना ऊब देणारे ब्रूडरमधील दिवे किंवा अळिंबी कक्षातील फॉगर यांपैकी कोणतेही उपकरण वीज गेल्यावर फार काळ बंद ठेवता येत नाही. दाटीने मासे वाढविलेल्या टाकीत हवा थांबली की पाण्यात विरघळलेला प्राणवायू झपाट्याने घटतो आणि काही महिन्यांचे कष्ट एका रात्रीत वाया जाऊ शकतात. म्हणूनच अनेक शेतकरी आणि शेतकरी गट १ ते ५ केव्हीए क्षमतेचे सुवाह्य जनित्र, म्हणजेच पोर्टेबल जनरेटर, बाळगतात.

हे यंत्र वर्षातील बराच काळ कोपऱ्यात झाकून ठेवलेले असते. गरज पडली की मात्र ते सलग कित्येक तास चालवावे लागते. अशा वापरात इंजिन जाम होण्याचे एक प्रमुख आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगे कारण म्हणजे इंजिन ऑईलची कमतरता किंवा झीज. तेल तपासण्यास दोन मिनिटे आणि बदलण्यास साधारण अर्धा तास पुरतो. प्रस्तुत लेखात ही कामे कशी करावीत आणि प्रत्येक कृतीमागील कारण काय, याची माहिती दिली आहे.

लहान इंजिनात तेलाकडे अधिक लक्ष का द्यावे?

सुवाह्य जनित्रात बहुतांशी एक सिलिंडरचे, हवेने थंड होणारे फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असते. मोटारीच्या इंजिनापेक्षा ते चार बाबतींत वेगळे आहे.

१. तेलाचे प्रमाण अल्प असते. २ ते ३ केव्हीए जनित्राच्या इंजिनात सुमारे ६०० मिलिलिटर, तर ५ केव्हीएच्या आसपासच्या इंजिनात सुमारे १.१ लिटर तेल मावते. ६०० मिलिलिटरपैकी २०० मिलिलिटर कमी झाले, तर एकतृतीयांश तेल गेलेले असते.

२. अशा बहुतेक इंजिनांत तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला असलेला लहान पळीसारखा भाग तेलात बुडून ते वर उडवतो आणि त्या शिंतोड्यांनी सर्व भागांना वंगण मिळते. पातळी उतरली की पळी तेलापर्यंत नीट पोहोचत नाही.

३. तेलाची गाळणीही बहुधा नसते. धातूचे कण आणि काजळी तेलातच फिरत राहतात. ती बाहेर काढण्याचा एकमेव मार्ग म्हणजे तेल बदलणे.

४. ५० हर्ट्झ वीज देणारे साधे जनित्र मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांच्या गतीने चालते. १०० तासांत क्रँकशाफ्टच्या १ कोटी ८० लाख फेऱ्या होतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने मोटारसायकल १०० तास चालवली, तर ४,००० किलोमीटर अंतर होते. मोटारसायकलचे तेल वेळेवर बदलणारा शेतकरी जनित्राचे तेल मात्र वर्षानुवर्षे तेच ठेवतो, हे अनेक ठिकाणी दिसून येते.

प्रथम इंजिनाचा प्रकार ओळखावा

काही अगदी लहान जनित्रांत टू-स्ट्रोक इंजिन असते. त्यात तेलाचा वेगळा साठा नसतो. टू-स्ट्रोक ऑईल ठरावीक प्रमाणात पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र तेल आणि पेट्रोल यांच्या जागा पूर्णपणे वेगळ्या असतात. टू-स्ट्रोकचे तेल फोर-स्ट्रोक इंजिनात भरणे किंवा फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळणे, दोन्ही हानिकारक आहे. गटाचे यंत्र अनेकांच्या हाताखालून जात असल्यास टाकीवर ठळक अक्षरांत इंजिनाचा प्रकार लिहून ठेवावा.

नवीन जनित्राबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. अनेक उत्पादक कारखान्यातून इंजिन तेलाविना पाठवतात. त्यामुळे खोक्यातून काढल्यावर तेल भरल्याशिवाय दोरी ओढू नये.

तेलाची निवड

उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली श्रेणी हीच अंतिम समजावी. ‘एसएई १०डब्ल्यू-३०’ या श्रेणीतील पहिला आकडा थंडीतील आणि दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातील तेलाचा दाटपणा दर्शवतो. पहिला आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत सहज वाहते. लहान पेट्रोल इंजिनांसाठी १०डब्ल्यू-३० श्रेणी सर्वसाधारणपणे सुचवली जाते. लडाख किंवा स्पितीसारख्या अतिथंड भागात ५डब्ल्यू-३० सारखे तेल इंजिन सुरू करणे सुलभ करते. उष्ण प्रदेशात एसएई ३० किंवा पुस्तिकेत नमूद असलेले अधिक दाट तेल चालते. डिझेल जनित्रासाठी डिझेल इंजिनाच्या दर्जाचे, बहुधा १५डब्ल्यू-४० श्रेणीचे तेल लागते. सुटे किंवा पुन्हा गाळलेले तेल किमतीला कमी असले, तरी वापरू नये.

पातळी तपासण्याची पद्धत

प्रत्येक वेळी जनित्र सुरू करण्यापूर्वी पातळी पाहावी. सलग चालवायचे असल्यास इंधन भरण्यासाठी यंत्र थांबवले जाते, त्याच वेळी तेलही तपासावे.

• जनित्र सपाट जागी ठेवावे. उतारावर पातळी चुकीची दिसते.
• इंजिन बंद असावे. नुकतेच चालवले असल्यास पाच ते दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर उडालेले तेल खाली उतरते.
• टोपणाभोवतीची माती आधी पुसावी, अन्यथा ती थेट आत पडते.
• टोपण काढून त्याला जोडलेली मोजपट्टी स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी.
• पट्टी पुन्हा आत घालून बाहेर काढावी व तेल कोणत्या खुणेपर्यंत लागले ते पाहावे. अनेक इंजिनांत पट्टी आट्यांवर न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, तर काहींत पूर्ण फिरवून बसवायची असते. या एका फरकामुळे पातळी चुकते. म्हणून पुस्तिका पाहावी.
• पट्टी नसलेल्या इंजिनात तेल भरण्याच्या तोंडाच्या खालच्या काठापर्यंत तेल असावे.

तेल कमी असल्यास त्याच श्रेणीचे तेल थोडे थोडे घालून वरच्या खुणेपर्यंत आणावे. खुणेपेक्षा अधिक भरू नये. जास्त तेलामुळे फेस होतो, धूर येतो आणि तेल एअर फिल्टरपर्यंत पोहोचून तो निकामी होतो.

पातळी वाढलेली आढळल्यास

तेल न घालता पातळी वाढली असेल, तर ती समाधानाची नव्हे, चिंतेची बाब आहे. पेट्रोलचा कॉक उघडा राहिला आणि कार्ब्युरेटरची सुई नीट बंद होत नसेल, तर पेट्रोल हळूहळू झिरपून तेलात उतरते. पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर चालवण्याच्या इंजिनांतही पूर्ण न जळलेले केरोसीन पिस्टनच्या रिंगांमधून खाली जाऊन तेल पातळ करते. अशा तेलास इंधनाचा वास येतो आणि ते बोटांत पाण्यासारखे लागते. ते त्वरित बदलावे व गळतीचे कारण दूर करावे. प्रत्येक वापरानंतर इंधनाचा कॉक बंद करणे हा त्यावरील सोपा प्रतिबंध आहे.

तेलाचे स्वरूप काय सांगते?

• काळे तेल : काजळी साठली आहे. केवळ रंगावरून निर्णय न घेता चाललेले तास पाहावेत.
• दुधाळ, फेसाळ तेल : आत पाणी शिरले आहे किंवा दमट हवेतील बाष्प साठले आहे. तेल बदलावे.
• चमकणारे कण : आतील भाग झिजत आहेत. पहिल्या बदलाच्या वेळी थोडे कण दिसणे स्वाभाविक आहे. नंतर दिसल्यास तज्ज्ञ मेकॅनिकला दाखवावे.

कमी तेलाच्या स्वयंचलित कळीवर किती विसंबावे?

अनेक जनित्रांत तेल कमी होताच इंजिन बंद करणारी कळ असते. ती उपयुक्त असली, तरी तेल फक्त कमी आहे की नाही, एवढेच तिला कळते. तेल जुने, पातळ किंवा पाणी मिसळलेले असल्यास ती सूचना देत नाही. यंत्र तिरपे ठेवल्यास पुरेसे तेल असूनही ती इंजिन बंद करू शकते. म्हणून जागा बदलल्यावर जनित्र सुरू होत नसेल, तर ते सपाट ठेवून प्रथम तेल पाहावे. कळीची वायर काढून इंजिन चालवण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

तेल केव्हा बदलावे?

पहिला बदल २० तासांनंतर किंवा एका महिन्यानंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावा. नवीन भाग एकमेकांवर बसताना सुटणारे कण त्या तेलासोबत बाहेर पडतात. त्यानंतर अनेक उत्पादक १०० तास किंवा सहा महिने ही मर्यादा देतात. काही इंजिनांसाठी ती ५० तास असते. धूळ, तीव्र उष्णता, पूर्ण भार किंवा केरोसीनचा वापर असल्यास हा कालावधी निम्मा करणे श्रेयस्कर. यंत्र वापरले नसले, तरी महिन्यांची मर्यादा पाळावी, कारण साठलेला ओलावा व आम्ले धातूस गंज आणतात. दीर्घकाळ ठेवण्यापूर्वी तेल बदलून ठेवावे.

तास मोजणारे मीटर नसल्यास इंधनाचा हिशेब उपयोगी पडतो. भरलेली टाकी नेहमीच्या भारावर किती तास पुरते, हे एकदा मोजावे. १० लिटर पेट्रोलवर यंत्र १० तास चालत असेल, तर १०० लिटर पेट्रोल खर्च होईपर्यंत १०० तास भरतात.

तेल बदलण्याची कृती

साहित्य : योग्य मापाचा पाना, पसरट घमेले, नरसाळे, स्वच्छ कापड, हातमोजे, नवीन तेल, ड्रेन प्लगचा नवीन वॉशर.

१. जनित्र मोकळ्या हवेत, सर्व उपकरणे काढून, सुमारे पाच मिनिटे चालवावे. कोमट तेल लवकर वाहते आणि काजळी सोबत आणते. बंद खोलीत किंवा गोठ्यात जनित्र मुळीच चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग वा वास नसतो आणि तो प्राणघातक आहे.

२. इंजिन बंद करून इंधनाचा कॉक बंद करावा. स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी, म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही. सायलेन्सर तापलेला असतो. त्यास स्पर्श टाळावा.

३. घमेले खाली ठेवून भरण्याचे टोपण उघडावे व नंतर ड्रेन प्लग सोडवावा. हवा आत जाण्याची वाट मोकळी असल्याने तेल अखंड वाहते. जनित्र प्लगच्या बाजूस किंचित कलते करून सर्व तेल निथळू द्यावे.

४. प्लग पुसून नवीन वॉशरसह बसवावा. इंजिनाचा तळ ॲल्युमिनियमचा असतो. अति जोर लावल्यास आटे जातात. आधी हाताने फिरवून मगच पान्याने बेताचे घट्ट करावे.

५. जनित्र सपाट ठेवून नरसाळ्याने तेल भरावे. पुस्तिकेतील प्रमाणापेक्षा थोडे कमी भरून पातळी पाहावी आणि मग वरच्या खुणेपर्यंत आणावे.

६. टोपण व स्पार्क प्लगची टोपी बसवून इंजिन एक-दोन मिनिटे चालवावे. प्लगपाशी गळती नाही याची खात्री करावी. बंद करून काही मिनिटांनी पातळी पुन्हा तपासावी.

७. दिनांक, तास आणि तेलाची श्रेणी लिहून चिठ्ठी जनित्रावर चिकटवावी.

जळक्या तेलाची विल्हेवाट

जळके ऑईल लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून चोपडणे, गोचिडांवर उपाय म्हणून जनावरांच्या अंगास लावणे किंवा डासांसाठी डबक्यात ओतणे, असे वापर ग्रामीण भागात प्रचलित आहेत. या तेलात जड धातू व कर्करोगकारक संयुगे असू शकतात. जनावर अंग चाटते, तेव्हा ती पोटात जातात. जमिनीवर ओतलेले तेल माती व विहिरीचे पाणी दूषित करते. घातक कचऱ्यासंबंधी २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. शेतकऱ्याने ते झाकणबंद डब्यात, पाणी वा पेट्रोल न मिसळता साठवून, असे तेल गोळा करणाऱ्या गॅरेज किंवा सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर उमगतो. गावातील एकच जनित्र घेऊन सहभागी शेतकऱ्यांपैकी प्रत्येकाला पट्टी पुसून पातळी वाचण्यास सांगावे. त्यानंतर तेच यंत्र एका बाजूने विटेवर ठेवून पुन्हा वाचन घ्यावे. सपाट जागेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जुने व नवीन तेल दोन काचेच्या बाटल्यांत शेजारी ठेवून दाखवावे. शेवटी प्रत्येक यंत्रमालकाकडून नोंदीची पहिली ओळ तेथेच लिहून घ्यावी.

निष्कर्ष

अर्धा-पाऊण लिटर तेलाचा खर्च जाम झालेल्या इंजिनाच्या दुरुस्तीपुढे नगण्य आहे, आणि ऐन रात्री बंद पडलेल्या जनित्रामुळे होणारे नुकसान त्या दुरुस्तीहूनही मोठे असू शकते. सुरू करण्यापूर्वी पातळी, तासांनुसार बदल आणि प्रत्येक बदलाची लेखी नोंद या तीन सवयी पाळल्यास आणीबाणीच्या वेळी जनित्र भरवशाने साथ देते.