आकडा ग्रुपवर टाकण्याआधी



तुझ्या आईचा फोन आल्यापासून जिवाला चैन नाही. गच्चीवरच्या तुझ्या हवेतली धूळ मोजणाऱ्या यंत्राने पहाटे 412 दाखवलं, तू लगेच चंद्रपूरच्या तुमच्या वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तुकूमची हवा आज विषारी’ असं लिहून मोकळी झालीस, आणि समोरच्या दमेकरी आजोबांना त्यांच्या सुनेने घाबरून दारं-खिडक्या लावून आत बसवलं. आत डासांची कॉइल जळत होती. हे खरं आहे का? तुझी आई घाबरली की चाराचे आठ करते हे आपण जाणतो, पण कॉइलची गोष्ट ती मनाने रचणार नाही.

अगं, कॉइलच्या धुरात असतात ते 2.5 मायक्रॉनहून बारीक कणच, जे मोजायला तू निघालीस. बाहेरच्या हवेच्या भीतीने त्या म्हाताऱ्या माणसाला आपण धुरात कोंडलं.

त्या पहाटे धुकं होतं ना? तुझ्या एसडीएस011 सेन्सरमधला पंखा हवा आत ओढतो, तिच्यावर लेझरचा झोत पडतो, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजला जातो आणि त्यावरून घनमीटरमागे इतके मायक्रोग्रॅम असा आकडा निघतो. वजन कुणी केलेलंच नसतं, तो अंदाज असतो. धुक्याचा थेंब आणि कोळशाचा कण यांतला फरक त्याला कळत नाही. आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांवर गेली की धुळीचे कणही पाणी धरून फुगतात आणि आकडा चढतो. शेजारी आर्द्रता मोजणारा एक बीएमई280 जोड. आर्द्रता लिहिल्याशिवाय धुळीचा आकडा वहीत उतरवायचा नाही.

शिवाय या बारीक कणांची आपल्याकडची 60 ची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला लागू होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 सांगितली, तीही चोवीस तासांचीच. पहाटेच्या एका मिनिटाला तू ती पट्टी लावलीस आणि वर त्या मायक्रोग्रॅमना एक्यूआय म्हणालीस. एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हिशेब करून काढावा लागतो, तो निराळा. तो एमक्यू-135 वायू-सेन्सरही जोडला आहेस म्हणे आणि पडद्यावर ‘कार्बन डायऑक्साइड’ लिहिलं आहेस. ती ओळ आजच काढ. अमोनिया, अल्कोहोलची वाफ, धूर, सगळ्यालाच तो सेन्सर हलतो. कशाने हलला ते त्याला सांगता येत नाही.

मला पुन्हा पुन्हा ते आजोबाच दिसतात. आपल्या घरातही एक होते, म्हणून असेल. तुझ्या आजोबांचा खोकला तू ऐकला नाहीस. सकाळी तुळशीला पाणी घालताना ते पान बोटाने पुसायचे आणि काळं झालेलं बोट धोतराला लावायचे. माझी आई रोज त्या डागावरून बोलायची. मी तेव्हा शाळेत शिकवायला नुकतीच लागले होते. वर्गाच्या खिडक्या बंद करून, फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत खडूची धूळ उडवून मुलांना टिंडल परिणाम दाखवायचे. मुलं हरखून जायची. तुझा सेन्सर त्याच तत्त्वावर चालतो, राणी. मी ते वर्षानुवर्षं शिकवलं आणि घरी येऊन बाबांचा खोकला ऐकत स्वयंपाकाला लागले. त्यांच्या छातीत चुलीचा धूर किती गेला, रस्त्याची धूळ किती, कोळशाची किती, हे आज कुणीच सांगू शकत नाही. कारण मोजलंच नाही कुणी. याची खंत मला अजून आहे.

म्हणून हे बंद कर असं मी म्हणणार नाही. तुझे बाबा म्हणाले तरी ऐकू नकोस, मी त्यांच्याशी बोलेन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, तीत आपलं चंद्रपूर होतं. तिथे मोजणारी माणसं हवीतच. जर्मनीत श्टुटगार्टच्या हौशी मंडळींनी 2015 मध्ये हेच सुरू केलं. नोडएमसीयूचा बोर्ड, तुझाच एसडीएस011, आणि पावसापासून बचावाला सांडपाण्याच्या पाइपचे दोन एल्बो, तोंड खाली करून. आज जगभर लोक तसे डबे लावतात. तूही एल्बोच वापर. तुझा तो प्लास्टिकचा डबा उन्हात तापतो. आणि 230 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घरात ठेव, गच्चीवर फक्त पाच व्होल्टची वायर जाऊ दे. पावसाळ्यात गच्चीवर जिवंत वायर मला चालणार नाही.

आता एक काम कर. दुसरा तसाच सेन्सर घे, पैसे मी पाठवते. दोन्ही शेजारी ठेवून आठवडाभर बघ, एकमेकांशी जुळतात का. मग मंडळाच्या स्वयंचलित केंद्राच्या जवळ कुणाची गच्ची मिळाली तर तिथे लाव आणि रोजची सरासरी त्यांच्या आकड्याशेजारी मांड. लेझरचं आयुष्य 8000 तास सांगतात, म्हणजे अखंड चालवला तर वर्षभरही नाही. मधे मधे झोपवत जा, उठवल्यावर अर्धा मिनिट पंखा फिरू दे, मग वाच. एवढं झाल्यावरही आकडा वाईट निघाला, तर खुशाल ग्रुपवर टाक. कुणी दटावलं तर मी येते तुझ्याबरोबर, वही घेऊन जाऊ.

पण त्याआधी समोरच्या घरी जा. त्यांना सांग की तो आकडा धुक्यातला होता, आणि कॉइल काढून मच्छरदाणी लावायला सांग. आजोबांजवळ घटकाभर बस. त्यांना यंत्र दाखव, त्यांना आवडेल.

तुझी आई म्हणाली, रात्री थंडी वाजते म्हणून खोली बंद करून सोल्डरिंग करतेस. त्या धुरात राळेची वाफ असते, तिनेही दमा होतो, आणि आपल्या घराला दमा नवा नाही. शाल घे, पण खिडकी उघड. हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नकोस, सोल्डरमध्ये शिसं असतं. जेवण वेळेवर घे. मला 412 ची काळजी नाही गं, तुझी आहे.

दिवाळीला वर्ध्याला येताना सेन्सर आणि वही दोन्ही घेऊन ये. माझ्या स्वयंपाकघरात लावून बघू.

तुझी,
आत्या