आधी जमीन बघा

नेवासा, शेवगाव, राहुरी या पट्ट्यात काळ्या रानात ज्याने घर बांधले, त्याला भिंतीच्या भेगांचे नवल नसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृग-आर्द्रा बरसल्या की तीच माती पाणी पिऊन फुगते. मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज या मातीत असते, त्याचा हा गुण. वर बांधलेले जे काही असेल ते तिच्याबरोबर उचलले जाते आणि खचते. घरी सुतारकामाचे मल्टिपर्पज मशीन ठेवणाऱ्यांपैकी फार थोडे जण ही गोष्ट हिशेबात धरतात, म्हणून हे लिहितो आहे.

माझे मशीन साध्या घडणीचे आहे. वर रंध्याची दोन टेबले, मध्ये पाती बसवलेला ब्लॉक, त्याच शाफ्टच्या एका टोकाला करवतीचे ब्लेड आणि दुसऱ्या टोकाला पुली. खाली लोखंडी अँगलची चौकट, तिच्यात दोन एचपीची मोटर. बटाला, राजकोटकडून येणारी बरीचशी मशीन याच धाटणीची असतात. एकाच शाफ्टवर सगळी कामे होतात म्हणून जागा कमी लागते आणि पैसेही वाचतात. पण त्यामुळेच चौकटीला जरासा पीळ पडला की रंधा, करवत आणि गाईड ही तिन्ही एकदमच बिघडतात.

आमच्या शेडच्या भिंतीपलीकडे ऊस आहे. मुळा उजव्या कालव्याचे उन्हाळी आवर्तन सुटले, उसाला पाणी भरून झाले आणि त्यानंतर मी बाभळीची फळी उभी चिरायला घेतली. फळी निम्म्याहून पुढे गेली तशी गाईड आणि ब्लेड यांच्यात चिमटली, ब्लेडच्या मागच्या दातांनी ती उचलली आणि उलटी फेकली. शेडच्या पत्र्याला पोचा पाडून ती खाली पडली. ब्लेडच्या रेषेत कधी उभे राहायचे नाही, ही सवय मला एका जुन्या मिस्त्रींनी लावली होती. तिच्यामुळे बरगड्या वाचल्या. हा धक्का केवढा असतो याचा अंदाज यावा म्हणून हिशेब मांडतो. मोटर मिनिटाला २८८० फेरे घेते. तिची पुली पाच इंची आणि शाफ्टची तीन इंची असेल तर ब्लेड ४८०० फेरे घेते. दहा इंची ब्लेडच्या दाताचा वेग मग सेकंदाला ६४ मीटर, म्हणजे ताशी २३० किलोमीटर होतो. (ब्लेडवर कमाल आरपीएम कोरलेला असतो. पुली बदलताना तो आकडा आधी वाचा.)

मोजून पाहिले तर ब्लेडच्या पुढच्या दातापाशी गाईडचे जेवढे अंतर होते, त्यापेक्षा मागच्या दातापाशी जवळजवळ एक मिलिमीटर कमी भरत होते. पाणी सुटण्याआधी ही दोन्ही अंतरे सारखी होती. असे दिसले की हात आपोआप गाईडच्या नटांकडे जातो. तिथेच थांबा. गाईड तिरकी झालेली नसते, तिच्याखालचे सगळे हललेले असते. नट फिरवून गाईड जुळवली तर करवत तेवढी सरळ कापू लागते, रंध्याचा पीळ तसाच राहतो, आणि माती सुकली की तीच गाईड उलट्या बाजूने चुकते.

गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब फरशीवर फिरवली तेव्हा उसाकडची कड वर आलेली दिसली. मशीनचे चारही पाय फरशीला बोल्टने आवळलेले होते, त्यामुळे फरशीने चौकटीला बरोबर ओढले होते. इलाज साधा आहे. बोल्ट सैल करा, प्रत्येक पायाखाली कागद सरकवून बघा, जिथे सहज सरकतो तिथे पत्र्याचे तुकडे भरून पाय टेकवा आणि मग बोल्ट हलके आवळा. फट राहिलेला पाय बोल्टच्या जोरावर खाली ओढणे म्हणजे हाताने पीळ भरणे.

शेड नवी बांधणार असाल तर मशीनच्या जागेपुरती काळी माती उकरून काढा, मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून घ्या आणि त्यावर काँक्रीटचा चौथरा घाला. हा चौथरा भिंतीला किंवा फरशीला जोडू नका, मध्ये बोटभर फट ठेवा. माती किती फुगणारी आहे ते घरीही कळते. चाळलेली कोरडी माती समान मापाने दोन ग्लासांत घ्या, एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल, आणि एक दिवस जाऊ द्या. रॉकेलमधली माती फुगत नाही. पाण्यातली तिच्यापेक्षा जेवढी वर चढेल तेवढी ती फुगरी. प्रयोगशाळेतही याच तत्त्वावर तपासणी होते.

पाय बसले की टेबलांचा पीळ बघायचा. ब्लॉक हाताने फिरवून पाती खाली घ्या, दोन्ही टेबले एका पातळीत आणा आणि चार कोपऱ्यांवरून कर्णावर दोन बारीक दोरे ताणा. मधोमध ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा ताणा. एकदा फट आणि एकदा दाब दिसला तर पीळ अजून आहे, पुन्हा पायांकडे जा. टेबलाच्या सरकपट्टीत पावसाळ्यात भुसा दमट होऊन घट्ट बसतो, त्यानेही टेबल एका अंगाला उचलते. तो आधी खरवडून काढा. भुसा नाकात जाऊ देऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ साली कर्करोगकारक ठरवले आहे.

आता पाती. इथे बोटे धारेजवळ जातात, म्हणून प्लग काढून समोर दिसेल असा ठेवा. सरळ रंधलेली एक पट्टी मागच्या टेबलावर, म्हणजे लाकूड जिकडे बाहेर पडते तिकडच्या टेबलावर ठेवा. तिचे टोक ब्लॉकवर येऊ द्या आणि पट्टीवर टेबलाच्या कडेशी पेन्सिलची खूण करा. ब्लॉक हाताने एकदा फिरवा. पाते पट्टीला धरून थोडे पुढे नेते आणि सोडते. खूण एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास, सरकली पाहिजे. पात्याच्या दोन्ही टोकांना आणि प्रत्येक पात्याला तेवढीच. खूण जागची हललीच नाही तर टेबल वर आहे आणि रंधताना लाकूड त्याच्या कडेला अडेल. खूप सरकली तर टेबल खाली आहे आणि फळीच्या शेवटच्या दोन इंचांत खड्डा पडेल. हजारो रुपयांच्या गेजशिवाय होणारी एवढी भरवशाची दुसरी तपासणी मला माहीत नाही.

गाईडचा काटकोन गुण्याने तपासण्याआधी गुण्याच तपासा. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. दोन रेघांत फट पडली तर गुण्याची चूक त्या फटीच्या निम्मी. ब्लेडला गाईड समांतर करताना एकच दात रंगवून घ्या आणि तोच दात पुढे आणि मागे फिरवून अंतर मोजा, म्हणजे ब्लेड किंचित वाकडे असले तरी माप फसत नाही. मागची बाजू केसभर उघडी चालेल, मिटलेली कधीही नको. ब्लेडमागे फाळ नसेल तर बसवून घ्या, चिरलेले लाकूड त्यामुळे मिटत नाही.

विजेचे एक कळकळीने सांगतो. काम चालू असताना लाइट जाते, आपण स्विच तसाच ठेवून चहाला जातो. लाइट आली की मशीन आपोआप फिरू लागते, आणि तेव्हा टेबलावर पोराचा हात असू शकतो. वीज गेल्यावर सुटणारा, पुन्हा हाताने दाबल्याशिवाय चालू न होणारा नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा. विहिरीच्या मोटरीला लावतो तो ऑटो इथे चुकूनही नको. नवे ब्लेड घेण्याआधी हा खर्च करा.

आवर्तनाची तारीख कळली की पाणी सुटण्याआधी एकदा आणि पाणी बंद झाल्यावर आठवड्याने पुन्हा दोरे ताणून बघा. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतरही. दोरे नीट टेकले तर पाती आणि गाईड चाळवू नका, टेबलावर मेणबत्ती घासून कामाला लागा.