श्रेष्ठ कोण?

लोहा येथील एका शाळेच्या पटांगणावर सायंकाळी विद्यार्थ्यांत वाद रंगला : डावखुऱ्या जलद गोलंदाजांत श्रेष्ठ कोण? एकाने पाकिस्तानच्या वसीम अक्रमचे १०४ कसोटींतील ४१४ बळी पुढे केले. दुसऱ्याने ऑस्ट्रेलियाच्या ॲलन डेव्हिडसनचा कैवार घेतला. त्याचे बळी १८६ असले, तरी प्रत्येकासाठी त्याने सरासरी अवघ्या २०.५३ धावा दिल्या होत्या. तिसरा भीतभीत म्हणाला, “आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान!” त्याचे बळी ३११; सरासरी मात्र ३२.९४. मुले हसली.

गुरुजी जवळच उभे होते. ते म्हणाले, “अक्रम व डेव्हिडसन वरचढ होते, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. पण झहीरची कहाणीही ऐका. २००६ साली भारतीय संघातील त्याचे स्थान गेले. तो रुसून बसला नाही. इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळून त्याने आपली कला घासूनपुसून घेतली. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅमच्या कसोटीत त्याने ९ बळी घेतले आणि भारताने २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. श्रेष्ठत्व आकड्यांनी मोजता येते. जिद्द मात्र आचरणातच दिसते.”

वाद थांबला. हसणाऱ्यांपैकीच एकाने चेंडू उचलला आणि त्या तिसऱ्या मुलाच्या डाव्या हाती दिला.