यंत्राचे उत्तर आणि गल्लीतील पाणी

चेन्नईचे टी. नगर, म्हणजे त्यागराय नगर, आज रंगनाथन रस्त्यावरील कापडदुकाने व पाँडी बाजार यांसाठी प्रसिद्ध आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र येथे मांबलमचा लांबच लांब तलाव होता. 1920 च्या नगररचना कायद्यानंतर तो बुजवून ही वसाहत आखण्यात आली आणि जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव तिला मिळाले. तलाव गेला, जमिनीचा सखलपणा गेला नाही. 2015 आणि 2021 च्या अतिवृष्टीत येथील रस्ते जलमय झाले, ते काही अंशी त्यामुळेच.

ह्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना निर्मितीक्षम कृत्रिम बुद्धिमत्ता कितपत उपयोगी पडेल? 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांना खुले झाल्यापासून अशा शंका वर्गावर्गांतून विचारल्या जात आहेत. उत्तरासाठी प्रथम यंत्राची रीत समजून घेतली पाहिजे. अफाट लिखित मजकुरातून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो हे ते शिकते व त्यावरून संभाव्य वाक्य रचते. मांबलमचा कालवा त्याने पाहिलेला नसतो.

म्हणून कामाची विभागणी करावी. रहिवाशांनी तमिळमध्ये सांगितलेल्या तक्रारी लिहून काढणे, त्यांची गल्लीवार वर्गवारी करणे, सूचनापत्रकाचे तेलुगू व हिंदी मसुदे तयार करणे ही कामे यंत्राकडे द्यावीत. भारतीय भाषांसाठी अशी साधने घडविण्याचे कार्य चेन्नईतच, आय.आय.टी. मद्रासच्या 'एआय फॉर भारत' या केंद्रात चालते. परंतु 'आज रात्री दुरैस्वामी भुयारी मार्ग सुरक्षित आहे काय?' असे विचारल्यास, ताजी माहिती नसतानाही यंत्र ठामपणे उत्तर देण्याचा संभव असतो. त्यावर विसंबणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

आणखी एक दोष सहज दिसत नाही. जो तक्रार नोंदवीत नाही, तो यंत्राच्या सारांशातही येत नाही. पदपथावरील फेरीवाला किंवा दुकानातील सेवक बहुधा अर्ज लिहीत बसत नाही. पाणी मात्र त्याच्याही पायाशी येते.

तेव्हा विद्यार्थ्याने सारांश घेऊन गल्लीत जावे, भिंतीवरील पाण्याची खूण पट्टीने मोजावी, न बोललेल्यांना विचारावे आणि चुकलेली नोंद स्वतः दुरुस्त करावी. यंत्राने वाचविलेला वेळ ह्याच कामी लावावयाचा असतो.