जाम ड्रम आणि हातोडीचा मोह

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला दाल बाजार म्हणजे धान्याची पोती, हातगाड्या आणि लोडिंगचे टेम्पो. या गर्दीतून घरची गाडी रोज कोण काढणार? तिथल्याच एका गल्लीतल्या मराठी गृहस्थांची जुनी क्वालिस सबंध पावसाळा दारात उभी होती, तीही हँडब्रेक ओढून. दसऱ्याच्या आधी ब्रेकचे लायनर बदलावेत म्हणून त्यांनी मागचं चाक उतरवलं, तर ड्रम जागचा हलेना.

हलणार कसा? ड्रम बिडाचा. ओल लागली की बीड लगेच गंजतं. हँडब्रेक ओढलेला असला की लायनर गंजाने ड्रमला चिकटतात, हबवर धरलेला गंज वेगळाच.

गृहस्थांनी ड्रमच्या काठावर हातोडी चालवली. बीड वाकत नाही, तुटतं. काठाचा टवका उडाला आणि ड्रम तिथेच राहिला. शेवटी बाजारातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने आधी हँडब्रेक सैल आहे ना ते पाहिलं, मागच्या भोकातून अ‍ॅडजस्टर ढिला केला, हबभोवती गंज सोडवणारं तेल मारलं आणि चहा प्यायला निघून गेला. परत आल्यावर ड्रमवरच्या आटे पाडलेल्या दोन भोकांत ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे कसले. टक् असा आवाज झाला आणि ड्रम सुटला. ही भोकं असतातच त्यासाठी. काही लहान गाड्यांत मात्र ड्रम बेअरिंगसकट मधल्या नटावर बसतो. तिथे तो नटच आधी काढावा लागतो.

खरी फजिती पुढे झाली, व्हील सिलिंडरमधली हवा काढायचं ब्लीडर निपल सोडवताना. हे निपल आतून पोकळ असतं. त्याला ओपन पाना लावला की कोपरे घासतात, आणि जोर केला की मान तुटते. सहा कोनी गोटीच हवी. आदल्या रात्री तेल, सकाळी हलके ठोके, आधी किंचित कसून मग सैल. फिरवताना स्प्रिंगसारखं लवचीक लागलं तर हात आवरावा. गृहस्थांचं निपल तुटलंच; मग ते उकरत बसण्यापेक्षा नवा व्हील सिलिंडर बसवणं त्यांना स्वस्त पडलं.

गॅसची ज्योत तर घरी नकोच. रबरी सील जळतात आणि ब्रेक ऑइल पेटू शकतं. तेल लायनरवर उडू द्यायचं नाही, जुन्या लायनरची धूळ फुंकायची नाही; तीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. सील रॉकेलने धुतले तर फुगतात. आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली घोडी लावूनच.

काम झाल्यावर पेडल दाबून पाहा. ते कडक लागेपर्यंत गाडी गल्लीबाहेर काढू नका. मऊच राहिलं तर मिस्त्रीला घरी बोलवा. आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर ती गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा आणि हँडब्रेक सोडून द्या.